या दोघांच्या भांडणात

१

पेटीला कुलूप होते, किल्ली नेहमीच्या खिळ्यावर होती, आणि पेटीत गेल्या वर्षीच्या सगळ्या वह्या होत्या. नव्हता तो फक्त इतिहास.

माझी भाची माळ्याखालच्या शिडीवर बसून उजव्या हाताच्या अंगठ्याची साल दातांनी सोलत होती. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून ती काहीही टाकत नाही. वर्गातली मुले तिला गोदाम म्हणतात. तिचे वडील पार्सलच्या गोदामात बांधाबांधीचे काम करतात, त्यामुळे ही थट्टा मुलांना दुहेरी गोड लागते.

"मावशी, परत एकदा बघू का?"

"चारदा पाहिलंस. पाहून वही येत असती तर ग्रंथालयात माझी गरजच पडली नसती."

माझी बहीण, म्हणजे मुंगीची आई, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या हातातला पदराचा पीळ सकाळपासून सुटला नव्हता. "ताई, उद्या सकाळी चौकशी समितीपुढे वही ठेवायची आहे. नाही ठेवली तर हिचा निकाल रद्द. नुसती शिष्यवृत्ती गेली तर एक वेळ चालेल गं, पण दाखल्यावर 'गैरप्रकार' लिहिणार आहेत. तो शेरा घेऊन कुठली शाळा हिला दारात उभी करील?"

प्रकरण असे होते. मुंगीच्या शाळेत वर्षाच्या अखेरीस 'हलका दिवस' पाळतात. मुले वरच्या सज्ज्यातून वर्षभराच्या वह्या खाली अंगणात भिरकावतात, त्यांवर पाण्याचा फवारा सोडतात आणि लगदा होईपर्यंत नाचतात. मुख्याध्यापिकाबाई या प्रसंगी भाषण करतात. वह्या टाकल्यावर जे उरते तेच खरे शिक्षण, हे त्या भाषणाचे सार. ज्ञानाचे श्राद्ध घालून वर त्याला तत्त्वज्ञानाचा नैवेद्य दाखवणारी शाळा मी अन्यत्र पाहिलेली नाही. आता बाईंनी या तत्त्वज्ञानाची परीक्षाही घ्यायचे ठरवले: नवे वर्ष सुरू होताच, पूर्वसूचना न देता, मागल्या वर्षाच्या इतिहासावर एकच मोठा प्रश्न. जो सर्वांत चांगले लिहील, त्याला मोठ्या विद्यालयाची शिष्यवृत्ती.

प्रश्न होता, 'नदीवरचे जुने बंदर ओस का पडले?' इतर मुलांनी पाठ्यपुस्तकातली चार वाक्ये कशीबशी आठवली. मुंगीने तीन पाने लिहिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इतिहासाच्या सरांनी दिलेला सीलबंद नमुना-उत्तराचा लिफाफा फोडला आणि ते थबकले. नमुना आणि मुंगीचे उत्तर जवळजवळ शब्दशः एक होते.

वह्या टाकल्यावर जे उरते ते एका मुलीच्या डोक्यात उरले होते. आणि शाळेने त्याला चोरी असे नाव दिले.

२

"तुझी भाषा आणि सरांची भाषा एक कशी?" मी विचारले.

"सरांची नाहीच ती! माझीच आहे." तिच्या आवाजात रडण्यापेक्षा संताप अधिक होता, हे मला बरे वाटले. "वर्गातली वही कच्ची होती. सुट्टीत मी सगळ्या विषयांच्या पक्क्या वह्या केल्या. सर फळ्यावर नुसते मुद्दे लिहितात. वाक्यं मी वाचून वाचून जुळवली. म्हणून तर पाठ झालं. मुद्दाम पाठ केलं नाही."

"कच्ची वही?"

"ती रद्दीत मीच दिली," बहीण पटकन म्हणाली. "हिला विचारून दिली हं! पण ताई, मला आता सारखं वाटतंय, पक्कीसुद्धा चुकून त्यातच गेली असेल. काल रद्दीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, बाई, तुमचा कागद आता कुणाच्या तरी भज्यांखाली असेल."

"पक्की वही दिसायला कशी होती?"

"भिंतीवरचं कॅलेंडर आहे ना, त्याचं संपलेलं पान फाडून कव्हर घातलं होतं," मुंगी म्हणाली. "उलटं घातलं होतं, तारखा आत. पक्क्या वह्यांपैकी तेवढ्या एकीलाच, कारण सुट्टीत पान एकच संपलं होतं."

मी माळ्यावर चढले. बहिणीची भीती निराधार होती, हे पेटी पाहताच कळले. रद्दी काढणारा माणूस घाईत असतो. येथे कोणीतरी फार सावकाश काम केले होते. वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला होता; मुंगीने तो न सोडता नुसत्या कडा पाहिल्या होत्या. सर्वांत खाली मोठा नकाशासंग्रह, त्यावर चित्रकलेची वही, मग लांब वह्या, मग आखूड, आणि शिखरावर कवायतीची चिमुकली टिपणवही. सुतळी दोनदा आडवी, दोनदा उभी, आणि वर बोट अडकवून उचलता येईल असा सुबक फास.

"मुंगे, तू गठ्ठा कसा लावतेस?"

"वेळापत्रकाप्रमाणे. सोमवारी पहिला तास गणिताचा, म्हणून गणित वर. मग इतिहास, मग भूगोल. तसंच लावते. नाहीतर शोधणार कसं?"

मी खाली पाहिले. दाराशी मुंगीचे वडील उभे होते. दुपारचे जेवण त्यांनी तसेच झाकून ठेवले होते. माझी नजर भेटताच ते म्हणाले, "ताई, शिडी जरा डुगडुगते. सांभाळून उतरा," आणि माझ्याकडे पाठ करून बाहेर गेले.

३

सगळ्या घराचा संशय जिच्यावर होता, तिला मी आधी भेटले. मुंगीच्या बाकावर बसणारी, निकालात दुसरी आलेली, चिमणी या नावाने ओळखली जाणारी मुलगी. मुंगीचा निकाल रद्द झाला तर शिष्यवृत्ती तिच्याकडे जाणार होती, आणि निकालाच्या आदल्याच आठवड्यात ती मुंगीच्या घरी येऊन 'तुझी पेटी दाखव ना' असे म्हणाली होती.

ती व्हरांड्यात सायकलची साखळी बसवत होती. हात काळे, कपाळावरही एक काळा पट्टा.

"तुम्ही गोदामच्या मावशी ना? मी चोरली असेल म्हणून आलात."

"चोरलीस का?"

"चोरली असती तर दुसरी आले असते का?" ती फणकारली. "पहिली आले असते!"

या उत्तरातला तर्क निर्दोष होता. उभ्या आयुष्यात मी अनेक विद्वानांशी वाद घातले आहेत. इतका थोडक्यात कोणी निकाल लावला नव्हता.

"मग पेटी कशाला पाहायची होती?"

तिने साखळी सोडली. "हलक्या दिवशी मीपण माझी वही फेकली. सगळ्यांबरोबर नाचले. घरी गेल्यावर रिकामं दप्तर दोनदा उघडून बघितलं. माझं अक्षर होतं ना त्यात. गोदामकडे सगळं जसंच्या तसं आहे, ते नुसतं बघायचं होतं." मग खालच्या आवाजात, "मावशी, तिचा निकाल रद्द झाला तर मला ती शिष्यवृत्ती नकोय असं म्हणता येतं का हो? बाबा म्हणतात, येत नाही."

तिच्या कपाळावरचा पट्टा मी रुमालाने पुसला आणि निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा ती मागून ओरडली, "आणि सरांना विचारा! तिच्या वह्यांचं कौतुक त्यांनाच जास्त होतं. नेहमी म्हणायचे, वर्ष संपलं की माझ्याकडे काही उरत नाही, हिच्याकडे सगळं असतं."

४

शिक्षकांच्या खोलीत इतिहासाचे सर एकटेच होते. सभ्य, थकलेला, गोड बोलणारा माणूस. मांडीवर चामड्याची बॅग, आणि बॅगेच्या बंदावर डावा हात. आमचे बोलणे चालले असताना तो हात चहाचा कप घ्यायलासुद्धा हलला नाही.

"फार वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "हुशार मुलगी. पण मोह कुणाला सुटलाय? परीक्षेच्या आदल्या दिवशी या खोलीत खुर्च्या लावायला ती आली होती. लिफाफा माझ्या खणात. खणाला कुलूप नव्हतं, ही माझी चूक. मी समितीपुढे ती कबूल करणार आहे."

दुसऱ्याला फासावर चढवताना स्वतःच्या बोटाला टाचणी टोचून घेणे, याला सौजन्य म्हणतात.

"नमुना-उत्तर आपणच लिहिलं?"

"अर्थात."

"आपल्या टिपणांवरून?"

"टिपणं कुठली? हलक्या दिवशी शिक्षकांनीही टाकायची, असा बाईंचा आग्रह असतो. डोक्यातून लिहिलं."

"मुंगी म्हणते, ते तिच्या पक्क्या वहीत होतं."

"वर्गात तिच्या वह्या मी वर्षभर तपासल्यात. असं काही माझ्या पाहण्यात नाही." ते हसले. "ती कॅलेंडरच्या कागदाची वही ना? उलट्या कव्हरची? त्यात नुसते मुद्दे होते हो. फळ्यावरचे."

मी चष्मा काढला आणि पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता. माझे डोळे त्यांना दिसू नयेत, एवढीच माझी इच्छा होती. ते कव्हर शाळा संपल्यावर, सुट्टीत, घरी घातले गेले होते. वर्गात ते कोणीही पाहिलेले असणे शक्य नव्हते.

५

मुंगीचे वडील गोदामाच्या मागल्या ओट्यावर भेटले. समोर एक खोके होते आणि ते त्याला सुतळी बांधत होते. दोनदा आडवी, दोनदा उभी, वर बोटापुरता फास. मी काही न बोलता त्या फासात बोट घातले आणि खोके किंचित उचलले.

त्यांचे हात थांबले.

"मोठं खाली, लहान वर," मी म्हणाले. "तीस वर्षांची सवय चोरी करतानाही सुटत नाही."

"चोरी नाही हो ताई!" त्यांनी सुतळी खाली ठेवली. "सुट्टीत सर इथंच आले होते, पार्सल सोडवायला. म्हणाले, तुमच्या मुलीची वही वाचायला द्या, नव्या मुलांना दाखवतो. मला इतका अभिमान वाटला... ती मैत्रिणीकडे गेली होती. मी काढून दिली. परत आणून ठेवू, तिला कळणारही नाही, असं वाटलं."

"आणि मग?"

"मग हे झालं. मी धावत सरांकडे गेलो. ते म्हणाले, तोंड उघडाल तर मुलीचा घात कराल. पेपर काढणाऱ्या माणसाच्या घरी तुमची वही सापडली, तर लोक म्हणतील बापानं वही दिली आणि बदल्यात पेपर घेतला. तीही बुडेल, मीही." त्यांनी तळहातांनी डोळे चोळले. "ताई, चूक आहे का त्यांचं? सांगा ना. आठ दिवस मी हेच उलटंपालटं करून बघतोय. बोललो तरी ती मरते, नाही बोललो तरी मरते."

त्यांचे म्हणणे चूक नव्हते, आणि माझा संताप नेमका तेथेच गोठला. सरांनी बापाच्या मायेलाच कुलूप घातले होते. वही सापडणे पुरेसे नव्हते. दोन सारखे मजकूर समोर असले तर ते केवळ सारखे आहेत एवढेच सिद्ध होते. कोणी कोणाचे घेतले, हे सारखेपणा सांगत नाही.

ते फरक सांगतो. आणि फरक एक होता. समितीने तोच मुंगीविरुद्ध वापरला होता.

६

जुन्या पोथ्यांच्या नकला ताडून पाहणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. नक्कल करणारा माणूस शहाणपणाने पकडला जात नाही. तो आळसाने पकडला जातो. शाळेने बहिणीला दोन्ही उत्तरांच्या प्रती दिल्या होत्या. त्या शेजारी ठेवून मी संध्याकाळभर वाचल्या. मुंगीच्या उत्तरात एक परिच्छेद अधिक होता. 'नक्कल लपवण्यासाठी घुसडलेला मजकूर', असा त्यावर बाईंचा शेरा.

नमुन्यात क्रम असा: नदीत गाळ साचला; नवा रस्ता झाला; व्यापाऱ्यांनी एकजूट करून नावांचे भाडे पाडले. आणि लगेच पुढे: 'या दोघांच्या भांडणात नावाडी उपाशी राहिले आणि बंदर ओस पडले.'

मी ते वाक्य पुन्हा वाचले.

"मुंगे!" मी हाक मारली. "व्यापाऱ्यांनंतरचा परिच्छेद. जकातीच्या अधिकाऱ्यांचा. तो तुझ्या वहीत होता?"

ती विचारात पडली. "होता... म्हणजे, नव्हता. ते पुस्तक मला उशिरा मिळालं. तोवर पुढचं लिहून झालं होतं. म्हणून ते सुट्या कागदावर लिहिलं, पुढचं वाक्य 'या दोघांच्या' असं बदललं आणि कागद पानाला टाचणीनं टोचला. पण मागच्या बाजूला मी नदीचा नकाशा काढला होता, तो पुरा करायला नंतर कागद काढला आणि..."

ती वाक्य अर्धे टाकून शिडीवर चढली. वरून सुतळी तुटल्याचा आवाज आला. मग नकाशासंग्रहाची पाने उलटण्याचा. मग काहीच नाही. शिडीखाली उभ्या असलेल्या तिच्या आईने डोळे मिटून घेतले.

"मावशी," मुंगीचा आवाज आला. "आहे."

७

समितीत तिघे होते: मुख्याध्यापिकाबाई, बाहेरचे परीक्षक आणि पेन्सिलीने सतत टेबल ठोकणारे एक विश्वस्त. सर कडेला, बॅग मांडीवर. मुंगी आईवडिलांच्या मध्ये. तिच्या अंगठ्याला आज पट्टी होती.

"वही आणली?" बाईंनी विचारले.

"नाही," मी म्हणाले. "मला सरांना त्यांच्याच उत्तरातलं एक वाक्य समजावून घ्यायचं आहे. 'या दोघांच्या भांडणात नावाडी उपाशी राहिले.' हे दोघे कोण?"

सर हसले. "व्यापारी आणि... नावाडी."

"नावाडी उपाशी राहिले ते या दोघांच्या भांडणात. ते तिसरे झाले."

"मग व्यापारी आणि सरकार म्हणा."

"सरकारचा आपल्या उत्तरात उल्लेखच नाही. आपण डोक्यातून लिहिलंत ना? मग डोक्यातला दुसरा माणूस गेला कुठे?"

परीक्षकांनी नमुना ओढून घेतला. त्यांचे बोट ओळीओळीवरून सरकत गेले आणि एका जागी थांबले. विश्वस्तांची पेन्सिल थांबली.

"मुलीच्या उत्तरात दोघेही आहेत," मी म्हणाले. "व्यापारी, आणि जास्तीची जकात लावणारे अधिकारी. जो परिच्छेद घुसडलेला म्हणता, त्याच्यावाचून पुढच्या वाक्याला अर्थच नाही. ते वाक्य लिहिणाऱ्याला दोघे ठाऊक होते. उतरवणाऱ्याला नव्हते, कारण मूळ वहीत तो परिच्छेद एका सुट्या कागदावर होता आणि वही नेली तेव्हा कागद घरीच राहिला." मी तो टेबलावर ठेवला. "हा तो."

"हा काल रात्रीसुद्धा लिहिता येतो," बाई थंडपणे म्हणाल्या.

"येतो. पण याच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आहेत, गंज धरलेली. ज्या पानाला हा टोचला होता, त्या पानावर तशीच दोन भोकं असणार. आणि ती वही सुट्टीपासून आमच्या घरात नाही."

"मग कुठे आहे?"

मला ठाऊक होते; पण सांगायचा अधिकार माझा नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुंगीचे वडील उभे राहिले होते.

"मी दिली," ते म्हणाले. "सरांना. सुट्टीत. मी दिली, पोरीला न विचारता. तिला यातलं काही ठाऊक नाही." आणि मुंगीकडे न बघता, "सर, द्या आता. तुम्हाला पोटचं कुणी असेल तर द्या."

जी वस्तू टाकताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, ती माणूस अंगावरच बाळगतो. अखेर सरांचा डावा हात बंदावरून निघाला.

कॅलेंडरचा कागद कडांना मळला होता. परीक्षकांनी पान काढले, त्यावर सुटा कागद ठेवला आणि दोन्ही उजेडात धरले. भोकांतून खिडकीचा प्रकाश आरपार दिसला.

"वेळ नव्हता हो," सर पुटपुटले. "बाईंनी आदल्या दिवशी नमुना मागितला. माझ्याकडे काहीच नव्हतं. सगळं अंगणात फेकलं होतं. आणि ती इतकं... अक्षरन् अक्षर लिहील, असं वाटलं नव्हतं."

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "निकाल कायम राहील," त्या म्हणाल्या. मुंगीकडे पाहून त्या आणखी काही म्हणतील, असे मला वाटले होते. त्या कागद आवरू लागल्या.

घरी आल्यावर मुंगीने पेटी खाली काढून घेतली. गठ्ठा जमिनीवर सुटा पडला होता. वडील जरा अंतर ठेवून उकिडवे बसले, हातात नवी सुतळी.

"कुठली वर?" त्यांनी विचारले.

"गणित," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मग इतिहास. द्या इकडे. फास नका घालू, साधी गाठ मारा. आता मला रोज उघडायची आहे."

सुटा कागद जागी टोचण्यासाठी तिने वही उघडली आणि ती वाकून पाहू लागली. 'या दोघांच्या' या शब्दांशेजारी, समासात, पेन्सिलीने काढलेले एक लहानसे प्रश्नचिन्ह होते. ते तिचे नव्हते. सरांना शंका आली होती. तरीही त्यांनी उतरवून घेतले होते.

"खोडरबर देऊ?" बहिणीने विचारले.

मुंगीने टाचणी दातांतून काढली आणि जुन्याच भोकांत घातली.

"नको," ती म्हणाली. "वर्षभरात त्यांना पडलेला तेवढा एकच प्रश्न आहे. राहू दे."